पुएब्लो : गाव, रयत आणि राष्ट्र

स्पेनच्या दक्षिणेकडील कोर्दोबा प्रांतात फुएन्तेओवेहुना नावाचे एक गाव आहे. इ. स. १४७६ च्या एप्रिल महिन्यात तेथील रहिवाशांनी आपला जुलमी धनी फेर्नान गोमेस दे गुस्मान, जो कालात्रावा या लष्करी धर्मसंघाचा वरिष्ठ अधिकारी होता, त्याच्या वाड्यावर चाल करून त्याचा वध केला. आणि पुढे चौकशीस आलेल्या न्यायाधीशाने माणसांचा अनन्वित छळ मांडला, तरी मारेकरी कोण या प्रश्नाला प्रत्येकाने गावाचेच नाव सांगितले, अशी परंपरा आहे. लोपे दे वेगा या श्रेष्ठ नाटककाराने याच प्रसंगावर रचलेले नाटक १६१९ मध्ये छापून निघाले, आणि सामुदायिक जबाबदारीची गोष्ट निघाली की स्पॅनिश माणूस आजही या गावाचा दाखला देतो. त्या गावकऱ्यांच्या भाषेत ‘गावाने केले’ आणि ‘लोकांनी केले’ या दोन विधानांना एकच कर्ता पुरतो, कारण गाव आणि लोक या दोहोंना तेथे एकच नाम आहे : पुएब्लो.

मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये. ‘सारा गाव लोटला’ असे म्हणताना आपणही वस्तीचे नाव माणसांना देतो. परंतु आपले गाव वेशीपाशी थांबते, आणि तेथून पुढे रयत, प्रजा, जनता, राष्ट्र अशा निरनिराळ्या शब्दांची हद्द सुरू होते. पुएब्लो हा शब्द मात्र वेस ओलांडून थेट राज्यघटनेच्या पहिल्या कलमात जाऊन बसला आहे.

मूळ लॅटिन ‘पोपुलुस’ म्हणजे केवळ लोक. इटालियन आणि फ्रेंच भाषांत त्याचे वंशज याच अर्थाला धरून राहिले. स्पॅनिशात त्याला वस्तीचाही अर्थ जडला. मध्ययुगात मुसलमानी राजवटीकडून जिंकून घेतलेला मुलूख पुन्हा वसविण्यासाठी तेथील राजे आणि सरदार ‘कार्ता पुएब्ला’ नावाची सनद देत, तीत नव्याने येणाऱ्या कुळांना जमीन आणि सवलती लिहून दिलेल्या असत. आपल्याकडे कौल देऊन उजाड गावांची लावणी करीत, त्याच जातीचा हा व्यवहार होता. ज्या देशात अनेक गावे अशी सनदेने वसली, तेथे लोकांना आणि त्यांच्या वस्तीला एकच शब्द असावा, हे स्वाभाविकच वाटते.

रोजच्या बोलण्यात या शब्दाला फार जिव्हाळा आहे. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत लक्षावधी कुटुंबे खेडी सोडून माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ येथे गेली. त्यांची नातवंडे ऑगस्ट महिन्यात आजोळी जातात, आणि शाळासोबती एकमेकांना ‘तुला पुएब्लो आहे का?’ असे विचारतात. गणपतीला कोकणात जाणाऱ्या मुंबईकराला हा प्रश्न उलगडून सांगावा लागणार नाही. मात्र त्याच शब्दापासून झालेले ‘पुएब्लेरिनो’ हे विशेषण ‘गावंढळ’ या अर्थाने टोचून बोलण्यासही वापरतात, आणि एकट्या ‘पुएब्लो’चाही गोरगरीब, सामान्य जन असा एक अर्थ आहे.

हा सामान्य जन सार्वभौम कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. २ मे १८०८ रोजी माद्रिदमध्ये नेपोलियनच्या फौजेविरुद्ध लोक उठले, तेव्हा शेजारच्या मोस्तोलेस या लहानशा पुएब्लोच्या दोन अल्काल्दांनी, म्हणजे गावप्रमुखांनी, देशाच्या रक्षणासाठी सर्वांनी धावून यावे, असे फर्मान आपल्या सहीने रवाना केले. (अल्काल्दे हा शब्द अरबी ‘अल्-काझी’पासून आलेला, आपला काझी तोच.) राजधानी परक्याच्या हाती असता गावाने राष्ट्राच्या वतीने बोलावे, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. तथापि चार वर्षांनी कादिस येथे झालेल्या पहिल्या राज्यघटनेने सार्वभौमत्व दिले ते ‘राष्ट्रा’ला, तिच्यात पुएब्लो येतो तो नगरसभा स्थापण्याच्या कलमात, हजार वस्तीचे गाव या नात्याने. १९३१ च्या प्रजासत्ताकाने सर्व सत्ता पुएब्लोपासून उद्भवते असे लिहिले, आणि फ्रँकोच्या दीर्घ हुकूमशाहीनंतर आलेल्या १९७८ च्या घटनेने सार्वभौमत्व स्पॅनिश पुएब्लोच्या ठायी वसते, असे निःसंदिग्ध शब्दांत घोषित केले.

परंतु या शब्दाचे खरे वजन कळते ते मेक्सिकोत. वसाहतीच्या काळात तेथील मूळ रहिवाशांच्या प्रत्येक पुएब्लोला स्वतःची सभा, स्वतःची शीव आणि सामाईक जमीन असे, आणि तिच्या सनदा गाव जिवापाड जपत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात साखरेच्या मळेवाल्यांनी या जमिनी बळकावल्या. सप्टेंबर १९०९ मध्ये मोरेलोस प्रांतातील आनेनेकुइल्को या गावाच्या वृद्ध पंचांनी कारभार खाली ठेवला आणि गावाने एमिलियानो सापाता या तिशीतील तरुणास प्रमुख निवडले. त्याच्या स्वाधीन झाले ते गावचे जुने दप्तर, ज्यातील काही कागद नाहुआत्ल भाषेत होते. २८ नोव्हेंबर १९११ रोजी जाहीर झालेल्या ‘आयाला योजने’त त्याने म्हटले, की ज्या पुएब्लोंपाशी दस्तऐवज आहेत त्यांनी हिरावलेल्या जमिनी, राने आणि पाणी तत्काळ ताब्यात घ्यावे. येथे पुएब्लोचे भाषांतर ‘जनता’ असे केले, तर सारा मजकूरच निसटतो. सापाता ज्याच्यासाठी लढला तो पुएब्लो शीव, दप्तर आणि वहिवाट असलेला, कोर्टात फिर्याद लावू शकणारा एक जिवंत पक्षकार होता; आणि १९१७ च्या मेक्सिकन घटनेच्या २७ व्या कलमाने गावांच्या सामाईक जमिनीचा हक्क मान्य केला, तो याच अर्थाने.

याहून उत्तरेस शब्दाची गती उलटी झाली. १५४० मध्ये कोरोनादोच्या मोहिमेतील स्पॅनिश शिपायांनी आजच्या न्यू मेक्सिकोत दगडामातीची मजल्यांवर मजले चढविलेली घरे पाहिली. अशा वस्त्यांना त्यांनी पुएब्लो म्हटले, आणि कालांतराने तेच नाव तेथील माणसांवर बसले. वस्तुतः हे लोक एकमेकांशी नाते नसलेल्या निरनिराळ्या भाषा बोलतात; तरीही १६८० मध्ये पोपे या धर्मपुरुषाने गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव धाडून, उठावाला किती दिवस उरले ते त्या गाठींनी कळवून, स्पॅनिश सत्तेला बारा वर्षे त्या प्रदेशाबाहेर ठेवले. आज न्यू मेक्सिकोत असे १९ पुएब्लो आहेत, प्रत्येकाचे शासन स्वतंत्र आहे, आणि पोपेच्या गावाने २००५ मध्ये ‘सान हुआन’ हे स्पॅनिश नाव टाकून ओके ओविंगे हे आपले मूळ नाव पुन्हा धारण केले.

अनेकवचनात या शब्दाची धार अधिकच तीक्ष्ण होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५७ च्या करारात आदिवासींना ‘पोब्लासिओनेस’, म्हणजे नुसती लोकसंख्या, म्हटले होते. १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारात ते ‘पुएब्लोस’ झाले, आणि या शब्दातून आंतरराष्ट्रीय कायद्याचे हक्क गृहीत धरू नयेत, असे कलमही सोबत घालावे लागले. पेरूने २०११ मध्ये या कराराला अनुसरून कायदा केला : खाण किंवा रस्ता काढण्यापूर्वी मूळ निवासी ‘पुएब्लोस’शी सल्लामसलत झालीच पाहिजे. अँडीज पर्वतावरील ज्या शेतकरी गावांच्या कुरणांखाली तांबे आहे, त्यांचा वाद तेव्हापासून याच मुद्द्यावर अडतो, की ती केवळ शेतकऱ्यांची गावे, की कायद्याने ज्यांना विचारलेच पाहिजे असे पुएब्लोस.