तपासताना डॉक्टरांशेजारी विद्यार्थी का असतो?

रोवणीच्या दिवसांत ताप आला म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांशेजारी एमबीबीएसचा विद्यार्थी दिसला, तर संकोचू नका. आजाराची लक्षणे पुस्तकात वाचता येतात. ती रुग्णाच्या अंगावर शोधायची कशी, हे अनुभवी डॉक्टरांजवळ बसूनच कळते.

विद्यार्थी काय शिकतो?

• पाहणे : बांधीत, गवतात काम करणाऱ्यांना स्क्रब टायफस होऊ शकतो. सूक्ष्म चिगर चावलेल्या जागी काही रुग्णांना काळी खपली येते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. काख, जांघ, कंबर इथे ती शोधावी लागते. वेळीच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनने आजार बरा होतो. उशीर जीवावर बेतू शकतो.

• मोजणे : खोकणारे बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजतात. २ महिन्यांच्या आत ६०, २ ते १२ महिन्यांत ५०, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असल्यास न्यूमोनियाची शंका घेतात.

• विचारणे : हातपाय वारंवार दुखत असतील, तर घरात कुणाला सिकलसेल आहे का, हे विचारतात. विदर्भात हा प्रश्न विसरून चालत नाही.

तुम्ही काय करावे?

विद्यार्थ्याने तपासण्याआधी तुमची परवानगी घ्यायला हवी. नको असेल तर स्पष्ट सांगा. उपचार थांबत नाहीत. स्त्री रुग्णाने सोबत बाई असावी असे जरूर म्हणावे. परवानगी दिलीत, तर शेतातले काम, अंगावरची खपली, घरातले आजार सगळे सांगा. तुमच्यावर शिकलेली नजर उद्या दुसऱ्या कुणाचा ताप वेळेत ओळखेल.