हाताने बांधलेली माशी : गळाच्या आमिषाचे अर्थकारण

छंद म्हणून मासेमारी करणारे जी ‘कृत्रिम माशी’ वापरतात, ती म्हणजे बारीक गळावर पिसे, केस व दोरा बांधून केलेली कीटकाची प्रतिकृती होय. ट्राउट मासा मेफ्लाय, कॅडिस यांसारखे कीटक खातो. या कीटकांची बालावस्था पाण्यात जाते आणि प्रौढ पृष्ठभागावर येऊन उडतात. त्यामुळे बांधणाऱ्यास कीटकाचा आकार, रंग व जीवनावस्था यांची जाण असावी लागते. भारतात काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडातील थंड प्रवाहांत ट्राउट आढळतो. तेथील हौशी मासेमार हेच या मालाचे मर्यादित ग्राहक होत.

खर्च कशाचा?

हे काम यंत्राने नव्हे, तर मुख्यत्वे हाताने होते. केनियामध्ये ब्रिटिश राजवटीत सुरू झालेला हा उद्योग आजही हातांच्याच बळावर निर्यात करतो. म्हणून किमतीचा हिशेब करताना वेळेचे मोल प्रथम धरावे. रीत समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एक कारागीर दिवसात ४० माश्या बांधतो. प्रत्येकी २० रुपयांचे साहित्य धरल्यास ८०० रुपये आणि मजुरी ६०० रुपये, असा एकूण १,४०० रुपये खर्च येतो. सदोष ४ नग वगळता विक्रीयोग्य ३६ नग उरतात. म्हणजेच एका नगाचा खर्च सुमारे ३९ रुपये होतो. दुकानदार विक्री किमतीचा एक तृतीयांश भाग ठेवत असेल, तर ग्राहकास तो नग ५८ रुपयांहून अधिक किमतीस विकला गेल्यासच मजुरी वसूल होते. अवजारे, टपाल व न खपलेला माल यांचा खर्च याहून वेगळा. केवळ साहित्याच्या खर्चावर किंमत ठरविणारा कारागीर स्वतःची मजुरी नकळत फुकट देतो.

पिसांचे मोल

पाण्यावर तरंगणाऱ्या माशीस ताठ, चमकदार पिसे लागतात. अमेरिकेत केवळ अशा पिसांसाठी कोंबड्यांच्या खास वाणांची पैदास केली जाते. ब्रॉयलर पक्षी लहान वयातच कापला जात असल्याने त्याची पिसे या कामी येत नाहीत. प्रौढ देशी कोंबड्याच्या मानेची पिसे मात्र बुडणाऱ्या माश्यांसाठी उपयुक्त असून, परदेशी बाजारात ती ‘इंडियन केप’ या नावाने परिचित आहेत. मांसासाठी कोंबडा कापताना ही पिसे कातडीसह स्वच्छ काढून, सुकवून व किडीपासून जपून ठेवल्यास टाकाऊ भागास मोल येऊ शकते.

कायद्याची मर्यादा

सह्याद्रीतील राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरील मेणासारख्या ठिपक्यांच्या पिसांना सालमन माशांच्या गळांसाठी एकेकाळी मोठी मागणी होती. त्यासाठी या पक्ष्याची शिकार होत असे. आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याची शिकार व व्यापार निषिद्ध आहे. मोरपिसांच्या निर्यातीसही बंदी आहे. म्हणून पाळीव पक्ष्यांचीच पिसे वापरावीत व त्यांच्या खरेदीची नोंद ठेवावी.

प्रारंभ कसा करावा?

विस्तार कार्यकर्त्यांनी बचतगटांस हा व्यवसाय सुचविताना आधी ग्राहक निश्चित करावा. दोन-तीनच प्रकार निवडून प्रत्येकाचे डझनभर नग अगदी एकसारखे बांधण्याचा सराव करावा. पहिल्याच वापरात दोरा सुटला, तर तो ग्राहक पुन्हा येत नाही. नगास लागलेली मिनिटे रोज वहीत नोंदवावीत. दर वाढवावा की काम थांबवावे, हे त्या नोंदींवरून ठरविता येते.