वैमानिकाची झोप आणि विमान कंपन्यांची स्पर्धा

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांवर उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी विमानतळांवर अडकले. विमाने होती, प्रवासीही होते. नव्या नियमाप्रमाणे विश्रांती झालेले वैमानिक मात्र पुरेसे नव्हते. प्रवाशांचे हाल वर्तमानपत्रांत सविस्तर छापून आले, आणि ते यायलाच हवे होते. पण त्यामागचा प्रश्न बाजूलाच राहिला. वैमानिकाला पुरेशी झोप मिळावी, एवढा साधा नियम पाळताना एवढी मोठी कंपनी का मोडून पडावी?

मी वैमानिक नाही. मी मुरब्याचा. एका बाजूला समुद्रावर जाणाऱ्या बोटी आणि दुसऱ्या बाजूला तारापूर एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये चालणारे कारखाने, यांच्यामध्ये वाढलेला. त्यामुळे रात्रपाळी, मजुरी आणि धंद्यातली चढाओढ हे विषय पुस्तकांत वाचण्याआधीच ओळखीचे झाले होते. विमानाच्या धंद्याकडे मी त्याच नजरेने पाहतो आहे.

तासांचे गणित

वैमानिकाचे काम तीन प्रकारच्या तासांत मोजले जाते : प्रत्यक्ष उड्डाणाचे तास, ड्यूटीचे तास आणि विश्रांतीचे तास. उड्डाणाला वर्षाकाठी १,००० तासांची मर्यादा आहे. ऐकायला हे काम हलके वाटते. पण दोन उड्डाणांमधला थांबा, आधीची तयारी, खोळंबा हे सारे ड्यूटीत धरले जाते, उड्डाणात नाही. आणि पगाराचा मोठा भाग असतो उड्डाणाच्या तासांवर. विस्ताराचे एअर इंडियात विलीनीकरण होत असताना, एप्रिल २०२४मध्ये, वैमानिकांच्या असंतोषामुळे तिची अनेक उड्डाणे रद्द करावी लागली. त्या असंतोषाचे एक कारण हेच होते : नव्या करारात हमीच्या पगाराचे तास महिन्याला ७०वरून ४०वर येणार होते.

शिवाय सगळे तास सारखे नसतात. रात्री २ ते सकाळी ६ हा शरीराच्या घड्याळाचा सर्वांत मंद काळ. बोईसरच्या कारखान्यात ज्याने रात्रपाळी केली आहे, त्याला पहाटे चारची ती गुंगी सांगायला नको. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरला सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ जण गेले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने नोंदवले की, कॅप्टन प्रवासातला बराच वेळ, दीड तासाहून अधिक, झोपलेले होते. झोपेतून उठल्यावर काही काळ निर्णयशक्ती बोथट राहते, हा मुद्दा त्या अहवालात स्पष्टपणे आला आहे.

जानेवारी २०२४मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नियम बदलले ते या पार्श्वभूमीवर. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. ‘रात्र’ पहाटे ५ऐवजी ६ला संपू लागली. रात्रीच्या ड्यूटीत सहापर्यंत चालणारी लँडिंग दोनवर आली. हे नियम जून २०२४पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी हरकत घेतली आणि अंमलबजावणी लांबली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती.

स्पर्धेचे देणे आणि घेणे

मग तयारी का झाली नाही? विमान कंपनीचा इंधनाचा दर तिच्या हाती नसतो. विमानांचे भाडे बहुधा डॉलरमध्ये द्यावे लागते. तिकिटाचा दर शेजारची कंपनी ठरवते. उरतात दोनच गोष्टी : विमान दिवसात किती तास हवेत राहते आणि वैमानिक किती तास उडतो. ज्याला हे दोन्ही ताणता आले, तो टिकला. किंगफिशर २०१२मध्ये बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. हा इतिहास डोळ्यांसमोर असताना, ‘जास्तीचे वैमानिक’ हा शब्द व्यवस्थापनाला उधळपट्टीसारखा वाटतो. डिसेंबरच्या घटनेनंतर डीजीसीएच्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो हाच : वैमानिक आणि विमाने यांचा जास्तीत जास्त वापर करण्याच्या नादात वेळापत्रकात मोकळी जागाच उरली नव्हती.

स्पर्धेने वैमानिकांना काही दिलेच नाही, असे मात्र नाही. १९५३पासून नियमित हवाई प्रवास सरकारी महामंडळांच्या हाती होता. नोकऱ्या मोजक्या, बढती ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे. नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या. २००३मध्ये एअर डेक्कन, २००६मध्ये इंडिगो. विमाने वाढली, तशा कॅप्टनच्या जागा वाढल्या. उजव्या खुर्चीतल्या सहवैमानिकाला डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीत बसायला १,५०० तासांचा अनुभव आणि वरचा परवाना लागतो. पण त्याहून महत्त्वाची असते ती रिकामी जागा. कंपनी वाढत असेल तर ती लवकर मिळते, थांबली तर माणूस वर्षानुवर्षे उजवीकडेच राहतो.

म्हणून वैमानिकांची भांडणे पगाराइतकीच बढतीवरून पेटतात. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७मध्ये एक झाल्या, पण ज्येष्ठतेच्या याद्या दोनच राहिल्या. नव्या बोइंग ७८७चे प्रशिक्षण आधी कोणाला, या वादातून २०१२मध्ये जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला. बाहेरून तो हट्ट दिसला. आतून पाहिले तर, मोठ्या विमानावर आधी जाणे म्हणजे पुढच्या वीस वर्षांचा पगार आणि मार्ग ठरणे होते.

कंपनी बुडाली की ही शिडीच नाहीशी होते. जेट एअरवेजच्या वैमानिकांचे पगार विमाने थांबण्याआधीच थकले होते. जेट पुन्हा उभी राहील या आशेवर पाच वर्षे गेली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला. आज देशातल्या दर शंभर प्रवाशांपैकी सुमारे नव्वद जण इंडिगो आणि एअर इंडिया या दोनच समूहांच्या विमानांतून जातात. वैमानिकाला नोकरी बदलायची तर दारे दोन. त्यातही २०१७च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला वर्षभराची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्रशिक्षणावर खर्च होतो, वैमानिक अचानक गेला तर प्रवासी अडकतात, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण दमलेल्या माणसाकडे ‘मी जातो’ म्हणण्याची सोय नसेल, तर त्याच्या थकव्याची किंमत कंपनीला कधीच मोजावी लागत नाही.

ती कधी कधी भलतीकडे मोजली जाते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला भर पावसात विमान धावपट्टीबाहेर गेले आणि २१ जणांचा जीव गेला. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे संभाव्य कारण चौकशी अहवालाने नोंदवलेच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट नोंदवली : त्या तळावर कॅप्टनची संख्या अपुरी होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कॅप्टनच्या नावावर होते. विमान दुसरीकडे वळवले असते, तर ते उड्डाण अडचणीत आले असते. मनुष्यबळाचा तुटवडा कॉकपिटमधल्या निर्णयापर्यंत पोहोचतो, तो असा.

बंदीचा धडा

आमच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांची वीण होण्याचा हा काळ; समुद्र खवळलेला, खलाशांच्या जिवालाही धोका. थांबण्यात सगळ्यांचेच हित आहे, हे प्रत्येक तांडेलाला कळते. पण बंदी सरकारी नसती, तर किती बोटी आपणहून किनाऱ्याला राहिल्या असत्या? शेजारची बोट गेली की आपली बांधून ठेवणे म्हणजे तिला बाजार मोकळा करून देणे. बंदी टिकते ती सगळ्यांना एकाच दिवशी लागू होते म्हणून. उद्या सर्वांत मोठ्या बोटवाल्याला ‘तुझी तयारी झाली नाही, तू जा’ असे म्हटले, तर जाळी आवरून बसलेले सगळे मूर्ख ठरतील.

डिसेंबरमध्ये नेमके तसेच झाले. ५ डिसेंबरला इंडिगोला रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सवलत मिळाली. अडकलेल्या प्रवाशांकडे पाहता सरकारपुढे दुसरा सोपा मार्ग नव्हता, हे मान्य. पुढे कंपनीची उड्डाणे कमी करण्यात आली आणि दंडही झाला. तरी ज्या कंपनीने वेळेवर वैमानिक भरले, तिला त्या खर्चाचे काय मिळाले? आणि पुढचा नियम येईल तेव्हा कोणती कंपनी आधी तयारी करील?

स्वस्त तिकिटे आपल्या सर्वांना हवी आहेत. बोईसर-पालघरची माणसेही आता लग्नकार्याला, उपचाराला विमानाने जातात, आणि ही किमया स्पर्धेचीच. पण स्पर्धा कशावर व्हावी, हे ठरवावे लागते. तिकिटाच्या दरावर व्हावी, वक्तशीरपणावर व्हावी, सेवेवर व्हावी. झोपेवर होऊ नये. त्यासाठी नवे काही शोधायला नको : विश्रांतीचा नियम सर्वांना एकाच दिवशी लागू करावा, वैमानिक पुरेसे आहेत की नाहीत हे हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे वेळापत्रक मंजूर करण्यापूर्वी तपासावे, कोलमडल्यावर नाही, आणि ‘मी दमलो आहे’ असे सांगणाऱ्या वैमानिकाचा पगार किंवा बढती त्यामुळे अडू नये. तिकीट काढताना कंपनीने किती वैमानिक भरले आहेत, हे प्रवाशाला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त दर. म्हणूनच ते पाहण्याचे काम नियमाचे आहे.