तेरड्याचं बी अंगणातच राहू द्या

महालक्ष्म्यांच्या सणाला फुलांचे भाव चढतात. अंगणात तेरडा असला, तर थोडी फुलं घरचीच मिळतात. आणि तेरड्याचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. आपल्या नागपूरकडे पावसाळ्यात तो आपोआप उगवतो.

पण होतं काय, सण झाला की आपण अंगण साफ करतो. फुलं सुकली म्हणून झाडं उपटून उकिरड्यावर टाकतो. पुढच्या वर्षाची फुलं मात्र त्याच झाडांच्या शेंगांत असतात! शेंग फुगून पिवळसर झाली की बोट लागताच फुटते आणि बारीक तपकिरी बी दूर उडतं. म्हणून चांगली चार-पाच झाडं शेंगा फुटेपर्यंत राखा. त्या जागी खोल खणू नका.

उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला, तरी कोरड्या मातीत बी टिकतं. मृगाचा पाऊस पडल्यावर रोपं दिसतील, ती तण समजून खुरपू नका. चार पानं आली की वीतभर अंतरावर लावा. काळ्या मातीत पाणी साचलं की खोड सडतं, तेव्हा जागा थोडी उंच करून घ्या.

शेजारी-शेजारी वाढलेल्या झाडांचे रंग पुढच्या वर्षी मिसळतात. एकच रंग हवा असेल, तर ती झाडं वेगळी, दूर लावा. पिकत आलेल्या शेंगा कापडात धरून तोडा, बी सावलीत वाळवून कोरड्या डबीत ठेवा. उरलेलं बी गटाच्या बैठकीत आणा. एकीचा गुलाबी, दुसरीचा पांढरा, अशी अदलाबदल करू.