झाकणाखालचा वारा

५.७ लिटरचं इंजिन, असं म्हणताना हे ५.७ लिटर नेमकं कशाचं असतं? पेट्रोलचं? तेलाचं? नाही, ती आठ सिलिंडरांतली पोकळी आहे. इंजिनाचे दोन फेरे पूर्ण झाले की ती एकदा हवेने भरते आणि एकदा रिकामी होते. अमेरिकेतल्या तळ्यांवर धावणाऱ्या कितीतरी बोटींत हे इंजिन सापडतं. १९६७ साली ते शेव्हरोलेच्या कमारो मोटारीतून रस्त्यावर आलं आणि पुढे थोडे फेरफार होऊन पाण्यावरही गेलं. आता ते मिनिटाला ४,८०० फेरे करतंय असं धरा, अडथळ्यांमुळे येणारी तूट वजा करा आणि हिशेब मांडा. सेकंदाला सुमारे २०० लिटर हवा!

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला इंजिनावर असलेल्या सपाट झाकणाखाली दीड हजारांहून जास्त माणसांचा श्वास एकाच वेळी चालू आहे. हवेला वजन असतं हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. या २०० लिटरचं वजन जवळजवळ पाव किलो भरतं, आणि ते दर सेकंदाला. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. टाकीत आपण भरतो तो सगळ्या सामग्रीतला अगदी लहान वाटा. उरलेली सगळी बोट वाटेत गोळा करते.

पण गोळा कुठून करणार? मोटारीचं इंजिन खालून उघडं असतं आणि समोरच्या जाळीतूनही वारा आत येतो. बोटीला ही सोय नाही. तिच्या तळातून पाणी आत येऊ नये म्हणून जो कारागीर जिवाचं रान करतो, तोच नकळत हवेचीही वाट बंद करत असतो. मग एकच वाट उरते, ती वरची. इंजिनावरच्या झाकणाला, म्हणजे हॅचला, एअर स्कूप, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, बसवतात ते यासाठी.

समजा बोटीला हवेसाठी एकूण १०० चौरस सेंटिमीटरचं भोक आहे. तळहाताएवढं म्हणा. त्यातून सेकंदाला २०० लिटर हवा जायची असेल तर तिला सेकंदाला २० मीटर वेगाने पळावं लागेल. ताशी ७२ किलोमीटर! बोट धक्क्याला बांधलेली असो की पाण्यावर सुसाट सुटलेली असो, इंजिन या वेगाने फिरतंय तोवर त्या भोकात मात्र कायम वादळ.

हवेला इतका वेग द्यायचा तर कुणीतरी तिला ओढायला हवं. ते काम इंजिन करतं, आणि त्यापायी झाकणाखालचा दाब उतरतो. किती? जेमतेम २४० पास्कल. वातावरणाच्या दाबाचा पाव टक्कासुद्धा नाही. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण झाकण एक चौरस मीटरचं असेल तर बाहेरची हवा त्यावर जवळपास २५ किलोचा भार टाकून उभी असते. इंजिन जोरात असताना झाकण उचलायला गेलं आणि ते चिकटल्यासारखं वाटलं, तर त्याचं कारण हेच.

हा दाब डोळ्यांनी बघता येतो, आणि त्यासाठी लागते फक्त पारदर्शक प्लास्टिकची एक नळी. ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक झाकणाखाली सरकवायचं आणि दुसरं मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या झोताआड ठेवायचं. शांत पाण्यावर बोट पूर्ण वेगात घ्या. नळीच्या एका बाजूचं पाणी चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. आपल्या उदाहरणात हा फरक साधारण २५ मिलिमीटरचा दिसेल. एका अजस्र यंत्राचा श्वास आपण बोटभर पाण्यावर मोजला! मला हा प्रयोग कुठल्याही महागड्या मीटरहून सुंदर वाटतो.

आता त्या लोकप्रिय समजुतीकडे वळू. स्कूपचं तोंड पुढे केलं की वारा त्यात घुसतो, इंजिनात हवा ठासतो आणि ताकद वाढते. असंच वाटतं ना? धावत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की वारा त्याला किती जोराने मागे ढकलतो, ते आपल्याला ठाऊक असतं. पण हिशेब वेगळंच सांगतो. ४० नॉट, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बोटीच्या स्कूपमध्ये वारा जास्तीत जास्त २५० पास्कल दाब देऊ शकतो. पुन्हा तोच पाव टक्का. ताकद वाढवण्याच्या दृष्टीने हे नसल्यासारखंच.

पण हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. भोकापायी गेले २४०, वाऱ्याने दिले २५०. स्कूप इंजिनाला हवा भरवत नाही. चांगल्या जागी बसला तर तो भोकाने घेतलेली वसुली परत करतो. आणि या हिशेबात एक विलक्षण सवलत लपलेली आहे. भोक दुप्पट केलं की त्यातला वेग निम्मा होतो आणि दाबातली तूट निम्मी नव्हे, थेट चौथा हिस्सा होते. म्हणून माझं ठाम मत आहे की स्कूप निवडताना आधी त्याचं क्षेत्रफळ बघावं आणि डौल नंतर.

खरा फायदा मिळतो थंडाव्यातून. समजा बाहेरची हवा ३० अंशांवर आहे आणि झाकणाखाली कोंडलेली ६० अंशांवर. गरम हवा पसरते, विरळ होते. दर सेकंदाला तेवढेच लिटर आत गेले तरी वजन नऊ टक्क्यांनी कमी भरतं. कुठे पाव टक्का आणि कुठे नऊ! कोंडलेली गरम हवा हलवून तिच्या जागी ताजी आणून देणं, हीच स्कूपची मोठी कमाई.

मग तो बसवायचा कुठे? पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा मंद असते. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखालचा स्कूप बघा. त्याचा ओठ पोटाला चिकटलेला नाही, मध्ये मुद्दाम फट सोडली आहे. पोटालगतचा तो आळशी थर बाजूने निघून जावा म्हणून. बोटीवर याखेरीज काचेच्या पडद्यामागचा घोळणारा वारा असतो, तो कधी उलटाही वाहतो. तिथे पुढे तोंड केलेला स्कूप बसवला तर त्याच्या तोंडाशी हवा येईलच असं नाही. इंजिनाच्या धुराड्याचा धूर तिथवर येत असेल, तर ती जागा सरळ सोडून द्यावी. योग्य जागा शोधायला लोकरीचे धागे पुरतात. झाकणभर चिकटवा, बोट पळवा आणि दुसऱ्या कुणालातरी बघत बसायला सांगा. जिथे धागे सरळ, शांत पडून राहतात तिथे वारा नीट वाहतोय. जिथे ते गोल फिरतात तिथे जागा वाया जाईल.

मुळात स्कूप वर निघालेला असायलाच हवा का? १९४५ साली कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत फ्रिक, डेव्हिस, रँडल आणि मॉसमन यांनी पृष्ठभागात खोल जाणारं, मागे रुंद होत जाणारं तोंड तपासलं. त्याच्या धारदार कडांवरून हवा घसरताना तिचे भोवरे होतात, आणि ते भोवरे वरची वेगवान हवा खाली ओढून आणतात. काहीही बाहेर न काढता वारा आत! शर्यतीच्या मोटारींनी ते उचललं. बोटीच्या झाकणावर मात्र मी ते बसवणार नाही, कारण तिथे पृष्ठभागावरून पाणीही वाहतं आणि तेही त्याच वाटेने आत जाईल.

पाण्याला अडवण्याची सर्वांत देखणी युक्ती शिडाच्या बोटीवरून आली आहे. ऑलिन स्टीफन्सने आखलेली ‘डोरेड’ १९३० साली पाण्यात उतरली आणि पुढच्याच वर्षी तिने अटलांटिक पार करण्याची शर्यत जिंकली. तिच्या नावाने ओळखली जाणारी पेटी आजही बोटींवर दिसते. पेटीच्या एका टोकाला वाऱ्याचं तोंड, दुसऱ्या टोकाला आत उभी राहिलेली नळी. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड. हवा वळते आणि नळीत शिरते. पाण्याला तसं वळता येत नाही, ते पेटीच्या तळाशी पडतं आणि तिथल्या छिद्रांतून बाहेर जातं. एकही झडप नाही, हलणारा एकही भाग नाही! स्कूपखाली असाच एक अडसर हवा, आणि स्कूपची जागा कार्ब्युरेटरच्या किंवा विजेच्या तारांच्या थेट डोक्यावर नको.

पेट्रोलची वाफ हे तर वेगळंच प्रकरण. ती हवेच्या तीन-चार पट जड असते, आणि पन्ह्यात न विरघळलेला गूळ तळाशी बसावा तशी ती बोटीच्या तळाशी साचते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्के झालं की एक ठिणगी पुरे. इंजिनाची खोली दोन घनमीटरची असेल, तर ती भरून उडवायला पेलाभराहूनही कमी पेट्रोल पुरतं. पूर्ण वेगात इंजिन स्वतःच दर मिनिटाला ती खोली पाच-सहा वेळा रिकामी करतं. पण बंद बोटीवर स्कूप म्हणजे नुसतं भोक. म्हणूनच अमेरिकेत ३१ जुलै १९८० नंतर बांधलेल्या, बंद खोलीत पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींना विजेचा ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर काढणारा पंखा, सक्तीचा आहे. त्याच्या नळीचं तोंड खोलीच्या खालच्या एक तृतीयांश भागात असावं लागतं, आणि किल्ली फिरवण्याआधी चार मिनिटं तो चालवा अशी पाटी समोर लागते. स्कूप कितीही मोठा असला तरी ती चार मिनिटं सुटत नाहीत.

शिवाय कार्ब्युरेटरवर धातूच्या बारीक फटींची एक टोपी बसलेली असते. उलट आलेली ज्वाळा त्या फटींतून जाताना आपली उष्णता धातूला देऊन बसते आणि विझते. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने खाणकामगारांच्या दिव्याभोवती जाळी लावली, तिच्यामागचं तत्त्व हेच. हवेची वाट मोकळी करायच्या उत्साहात ही टोपी कधीही काढू नये.

उरलं स्कूपसाठी झाकण कापण्याचं काम. फायबरग्लासच्या झाकणात पुष्कळदा बाल्सा लाकडाचा गाभा असतो. कापलेली कड उघडी राहिली की पाणी गाभ्यात शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. म्हणून कड थोडी कोरून इपॉक्सीने भरायची आणि मगच स्कूप सीलंटवर बसवायचा. कापण्याआधी वर चिकटपट्टी लावली की चकचकीत थराचे टवके उडत नाहीत.

सगळं सुकलं की तीच नळी, तोच वेग. जुन्या शंभराच्या जोडीला नवे शंभर चौरस सेंटिमीटर मिळाले असतील, तर नळीत पंचवीसच्या जागी सहा मिलिमीटरच्या आसपास फरक दिसायला हवा, आणि वारा नीट पकडला गेला तर त्याहूनही कमी. पंधरा दिसले, तर स्कूपची जाळी फार दाट आहे किंवा आतला अडसर भोकाच्या फार जवळ आलाय. तो दोन बोटं खाली घ्या आणि पुन्हा मोजा.