यंत्राला कळतं, माणसाला नाही

बँकेचं अ‍ॅप लिहिताना प्रोग्रामरने एका फंक्शनचं नाव ‘शिल्लक तपासा’ अशा अर्थाचं ठेवलेलं असतं. अ‍ॅप तुमच्या फोनवर पोचेपर्यंत ते उरतं नुसतं ‘ए’. पुढचं ‘बी’. फोनला याचं काही सोयरसुतक नाही, हिशोब बिनचूक होतो. बुचकळ्यात पडतो तो अ‍ॅप उकलून वाचू पाहणारा. हे कोड ऑब्फस्केशन. जावा या प्रोग्रामिंग भाषेसाठीचं प्रोगार्ड हे साधन 2002 पासून ही करामत फुकटात करतंय.

कोड उघडा करणं आणि तो झाकणं, सिंगापूरने ही दोन्ही टोकं गाठली. एप्रिल 2020 मध्ये सरकारने ट्रेसटुगेदर या कोविड अ‍ॅपमागचा कोड ‘ओपनट्रेस’ नावाने जगापुढे उघडा केला. तिथल्याच सायबर सुरक्षा संस्थेने जानेवारी 2024 मध्ये पैशांचे मोठे व्यवहार करणाऱ्या अ‍ॅपसाठी ‘सेफ अ‍ॅप स्टँडर्ड’ आणलं. त्यात छेडछाड आणि उकल रोखण्यावर स्वतंत्र भागच आहे. मला दोन्ही पटतं: एकीकडे लोकांचा विश्वास मिळवायचा होता, दुसरीकडे चोराचं काम अवघड करायचं होतं.

प्रोगार्ड कमांड लाइनवर चालतं. प्रत्येक आवृत्तीला हाताने कोण चालवणार? म्हणून त्याच्याभोवती छोटी स्क्रिप्ट लिहितात, तिला रॅपर म्हणतात. काम संपलं की साधन एक आकडा परत करतं. शून्य म्हणजे फत्ते! (आपल्या शाळेत उलटं होतं.) शून्य नसेल तर रॅपरने तिथंच थांबायला हवं, नाहीतर न झाकलेला कोडच ग्राहकाकडे जायचा. पण शून्यावरही विसंबू नये. काही कोड दुसऱ्या फंक्शनला नावानिशी हाक मारतो आणि नावच बदललं तर अ‍ॅप चालताना कोसळतं. तेव्हा चाचण्या झाकलेल्या आवृत्तीवरच घ्याव्यात.

सगळ्यात अजब चीज म्हणजे मॅपिंग फाइल: कुठल्या नावाचं काय झालं, याची वही. सिंगापूरच्या तांपिनेस भागातल्या कुणाचं अ‍ॅप कोसळलं तर कंपनीकडे ‘ए’, ‘बी’ असा अहवाल येतो. ही फाइल प्रोगार्डच्याच रीट्रेस या जोडसाधनाला दिली की मूळ नावं परत उमटतात! पण ती त्याच आवृत्तीची हवी. रॅपरने ती आवृत्ती क्रमांकासह जपली नाही, तर स्वतःचाच अहवाल कंपनीला वाचता येत नाही.

कुठलाही प्रोग्राम पूर्णपणे झाकेल असं साधन शक्यच नाही, हे संगणकशास्त्रज्ञ बराक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये गणिताने सिद्ध केलंय. शिवाय प्रोगार्ड नावं बदलतं, अवतरणचिन्हांतला मजकूर नाही. तेव्हा पासवर्ड कोडमध्ये लिहू नका.