शिळ्या पावाचे गोड तुकडे : सकाळच्या धांदलीत पंधरा मिनिटांची न्याहारी

कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्या परभणी जिल्ह्यातली सकाळ पळत येते. झाडलोट, पाणी, धारा, एकीकडे चहा आणि दुसरीकडे भाकरी. वेचणीला जाणाऱ्या बायका ऊन चढायच्या आत निघतात. शाळेची गाडी फाट्यावर येऊन हॉर्न वाजवते. या गडबडीत सगळ्यांच्या हातून जी गोष्ट सुटते ती न्याहारी. लेकरू चहात दोन बिस्किटे बुडवून पळते, आणि घरची बाई तर नुसत्या चहावरच शेताची वाट धरते. दुपारी धुऱ्यावर भाकरीचे फडके सोडीपर्यंत तिच्या पोटात दुसरे काही नसते.

मागच्या वेचणीतली गोष्ट. आमच्या शेजारच्या काकू ओसरीवर बसून टोपलीत अंडी मांडीत होत्या.

"काकू, किती झाली?" मी विचारले.

"अठरा झाली. उद्या बाजार हाय."

तेवढ्यात त्यांचा नातू दप्तर घेऊन बाहेर आला. "आजी, भूक लागली." भाकरी व्हायला अवकाश होता. फळीवर पावाचा पुडा पडला होता, तोही तीन दिवसांचा, कडक झालेला. काकूंनी पुड्याकडे पाहिले, टोपलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "काय करायलोत बघ आपण. अंडी बाजारला जायलीत अन् लेकरं उपाशी शाळेला जायलीत."

त्या दिवशी टोपलीतली चार अंडी घरातच राहिली. त्यांचे काय झाले, तेच आज सांगायचे आहे.

नाव परके, रीत ओळखीची

शिळा पाव दूध-अंड्यात भिजवून तव्यावर तांबूस भाजायचा, एवढाच हा पदार्थ. शहरात याला फ्रेंच टोस्ट म्हणतात, कोणी बॉम्बे टोस्ट म्हणतात. नावावरून हा साहेबाच्या टेबलावरचा पदार्थ वाटेल. पण मुळात ही शिळे अन्न वाया न घालवण्याची गरिबाघरची रीत आहे. फ्रान्समध्ये याचे नाव ज्या अर्थाचे आहे तो अर्थ 'वाया गेलेला पाव' असा आहे. एपिशियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाकग्रंथातही पाव मोडून त्याचे मोठे घास करावेत, दुधात भिजवावेत, तळावेत आणि वरून मध ओतावा, अशी कृती आहे. म्हणजे एका घासाचे तुकडे करण्याची युक्तीसुद्धा आजची नाही.

आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. पाव हा शब्दही त्यांचाच. मराठवाड्याला मात्र याचा आणखी एक धागा आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या स्टेशनांवरून जाणारी गाडी आजही हैदराबादेला जाते. त्या हैदराबादेत पावाला 'डबल रोटी' म्हणतात आणि तळलेला पाव दूध-साखरेत मुरवून 'डबल का मीठा' करतात. लग्नकार्यात तो ज्यांनी खाल्ला असेल, त्यांना आपले हे तुकडे त्याच घराण्यातले वाटतील.

आणि शिळ्याचे ताजे करायला आपल्याला कोणी शिकवायला नको. फोडणीची भाकरी आणि पोळीचा कुस्करा कोणत्या घरी होत नाही? त्याच रांगेत हा एक पदार्थ बसवायचा.

शिळाच पाव का?

ताजा पाव ओला आणि मऊ असतो. तो दूध-अंड्यात बुडवला की लगेच विरघळल्यासारखा होतो, उचलताना तुटतो आणि तव्यावर लगदा होतो. एक-दोन दिवसांनी पावातला ओलावा कमी होतो आणि त्यातले पिष्ट घट्ट होते. असा पाव दूध-अंडे भरपूर पितो, पण मोडत नाही. म्हणून या पदार्थाला शिळा पाव नुसता चालतो असे नाही, तोच बरा. घरी ताजाच असेल तर तुकडे करून परातीत तासभर उघडे पसरून ठेवावेत.

मात्र शिळा वेगळा आणि बुरसलेला वेगळा. पावावर हिरवा, काळा किंवा पांढरा केसाळ ठिपका दिसला तर तेवढा भाग खुडून बाकीचा वापरू नये. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते आत पसरलेले असतात. वास आंबूस येत असेल किंवा मोडताना तार सुटत असेल तरीही पाव टाकून द्यावा. पावसाळ्यात ही काळजी अधिक घ्यावी.

साहित्य (चार-पाच माणसांसाठी)

पावाचे ८ काप किंवा ६ लादी पाव, बाजारची ३ अंडी किंवा गावरान ४, कारण गावरान अंडे लहान असते, तापवून गार केलेले दूध १ वाटी, साखर २ मोठे चमचे किंवा तेवढाच किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड किंवा जायफळ चवीपुरते, भाजायला तूप किंवा तेल.

कृती

प्रत्येक कापाचे चार चौकोनी तुकडे करावेत. लादी पाव असेल तर एकेकाचे चार तुकडे करावेत. कडा काढून टाकू नयेत. त्यांनीच तुकडा धरून राहतो.

अंडी एकेक करून आधी वाटीत फोडावीत, म्हणजे एखादे खराब निघाले तर बाकीची वाया जात नाहीत. मग ती पातेल्यात ओतून मीठ घालून चांगली फेटावीत. पांढऱ्याच्या तारा राहू नयेत. त्यात दूध, साखर आणि वेलदोडा घालून साखर विरघळेपर्यंत ढवळावे. गूळ घालायचा असेल तर तो दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून मगच घालावा. गरम दुधात गूळ घातला तर दूध फाटण्याचा संभव असतो.

तवा मध्यम आचेवर तापवून त्यावर चमचाभर तूप पसरावे. एका वेळी तव्यावर मावतील तेवढेच, दहा-बारा तुकडे मिश्रणात टाकावेत. अर्ध्या मिनिटात दोन्ही बाजू भिजवाव्यात, हाताने अलगद उचलून जास्तीचे निथळू द्यावे आणि तव्यावर मांडावेत. सगळे तुकडे एकदम भिजत घालू नयेत. शेवटच्यांचा चिखल होतो.

एक बाजू दीड-दोन मिनिटांत तांबूस होते. मग उलथण्याने परतून दुसरी बाजू भाजावी. जाड तुकडे असतील तर कडेवर उभे करूनही क्षणभर शेकावेत. आच मोठी ठेवली तर साखर जळून वरून काळे होते आणि आत कच्चे राहते. एक तुकडा मोडून पाहावा. आत ओले, वाहते अंडे दिसता कामा नये. तीन घाण्यांत सगळे होते आणि पाव कापण्यापासून ताटात येईपर्यंत पंधरा मिनिटांहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

आता कोणी म्हणेल, सबंध काप भाजले तर काय बिघडले? बिघडत काही नाही. पण लहान तुकडा लवकर भिजतो, आतपर्यंत लवकर भाजतो आणि तेवढे सरपणही वाचते. लहान लेकराच्या मुठीत बसतो. फाट्याकडे जाता जाता खाता येतो, ताट-चमच्याची गरज लागत नाही. आणि वाटणी करायला सोपा. भावंडांची "त्याला मोठा, मला लहान" ही भांडणे होत नाहीत!

माळकरी घरासाठी

आपल्या भागात माळकरी घरे पुष्कळ. जनाबाईंच्या गंगाखेडच्या जिल्ह्यात हे सांगायला नकोच. जिथे अंडे चालत नाही तिथे बेसन कामाला येते. एक वाटी बेसनात हळद, मीठ, वाटलेली मिरची, ओवा, बारीक कांदा आणि कोथिंबीर घालून पाण्याने किंवा ताकाने भज्यांच्या पिठापेक्षा थोडे सैल भिजवावे. कांदा चालत नसेल तर वगळावा. त्यात पावाचे तुकडे बुडवून लगेच तव्यावर टाकावेत आणि झाकण ठेवून भाजावेत, म्हणजे बेसन कच्चे राहत नाही. यासाठी पाव फार वेळ भिजवू नये. बेसनातही प्रथिने चांगली असतात, तेव्हा ही न्याहारी अंड्याच्या मागे पडत नाही.

पाव नसेल आणि शिळी भाकरी असेल तर? ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरी भिजवली की तिचा भुगा होतो. तिला भिजवण्याच्या फंदात पडू नये. भाकरीचे लहान तुकडे कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतावेत आणि वरून दोन फेटलेली अंडी ओतून शिजेपर्यंत हलवावे. पोटभर होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाव मैद्याचा असतो. तो भाकरीपेक्षा सरस नाही. उलट ज्वारीत चोथा आणि खनिजे जास्त. १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेबरोबर काम करून २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त अधिक असलेली ज्वारी दिली, ती उगीच नाही. भाकरी सोडून पाव धरा, असे कोणी समजू नये. घरात आलेला पाव वाळून वाया जातो, तो अंड्या-दुधाच्या जोडीने अंगी लागावा, एवढेच.

हिशेब पोटाचा

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. तीन अंडी, वाटीभर दूध आणि आठ काप पाव यांची बेरीज ४० ग्रॅमच्या आसपास जाते. पाच जणांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ८ ग्रॅम येतात. चहा-बिस्किटात यातले फारसे काही नसते. वाढत्या लेकराचे शरीर प्रथिनांवर उभे राहते आणि अशी न्याहारी दुपारपर्यंत भूकही धरून ठेवते.

राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी वेगळा निधी देणे शासनाने थांबवले. शाळेतल्या अंड्याचे काय व्हायचे ते होईल; पण ज्या घरच्या कोंबड्या अंगणात चरतात, त्या घरच्या लेकराला अंड्यासाठी कोणाची वाट पाहायला लागू नये. सगळी अंडी विकू नका असे सांगणे सोपे आहे. तेल-मिठाचा पैसा त्या टोपलीतूनच येतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून एवढेच म्हणतो की बाजाराची टोपली भरण्याआधी आठवड्याची चार-सहा अंडी घरासाठी बाजूला काढावीत. उरलेली विकावीत.

घरच्या बाईचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अंडे खाल्ले की लगेच रक्त वाढते, असे नाही. त्यासाठी पालेभाज्या, डाळी आणि गरजेप्रमाणे दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या हव्यात. पण उपाशीपोटी चहा पिऊन उन्हात राबण्याची सवय मोडली पाहिजे. जेवणा-न्याहारीबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, म्हणून चहा तासभर मागे-पुढे करावा. न्याहारीनंतर एखादा पेरू खाल्ला तर उत्तम. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते.

चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात

अंडे ताजे आहे की नाही हे पाण्यात कळते. पाण्याच्या भांड्यात सोडलेले अंडे तळाशी आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्यावे.

अंडी साठवण्याआधी धुऊ नयेत. कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि ती लवकर बिघडतात. वापरायच्या वेळी धुवावीत. अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

फेटलेले मिश्रण रात्री करून ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा तर अर्ध्या तासात संपवावे. रात्री फक्त पाव कापून झाकून ठेवावा, सकाळचे काम तेवढे हलके होते.

डब्यात द्यायचे असतील तर तुकडे थोडे निवू द्यावेत आणि मग झाकण लावावे. वाफेने ते ओले होतात. दिलेले तुकडे मधल्या सुट्टीत संपवायला सांगावे, संध्याकाळपर्यंत ठेवू नयेत.

त्या सकाळी काकूंच्या नातवाने ओसरीवर उभ्या उभ्याच सात तुकडे खाल्ले आणि दोन खिशात घालून तो गाडीकडे पळाला. सूनबाई डोक्याला फडके बांधून वेचणीला निघाल्या होत्या. काकूंनी चार तुकडे ताटलीत घालून त्यांच्यापुढे धरले.

"आधी हे खा, मग जा."

"तुमचं होऊ द्या आत्याबाई, मी दुपारी खाते."

"माझं काय, मी घरीच हाय. तुला दिवसभर वाकायचंय. बस खाली."

सूनबाई उंबऱ्यावर बसल्या. टोपलीत चौदा अंडी होती, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच बाजारला गेली.